एकवीस हजार सहाशे

माझ्या भाऊजींचं दुकान एका पलंगाएवढं आहे. तेवढ्या जागेत ते स्वतः, त्यांचं टेबल, तीनेकशे घड्याळं आणि त्यांचा हेकटपणा अशी चार बिऱ्हाडं गुण्यागोविंदाने नांदतात. टेबलाच्या कडेला एक पांढरं कापड अडकवलेलं असतं आणि त्याचं दुसरं टोक भाऊजींच्या कमरेला बांधलेलं असतं. हातातून निसटलेला स्क्रू जमिनीवर न जाता या झोळीत पडावा, हा हेतू. त्यामुळे गिऱ्हाईक आलं तरी त्यांना उठता येत नाही, आणि ते त्यांच्या पथ्यावरच पडतं. उजव्या डोळ्याचं भिंगही न काढता ते खाली बघूनच म्हणतात, "बोला."

कुणी चुकून "घड्याळ दुरुस्त करून द्या" असं म्हटलं, की मात्र मान वर होते. "दुरुस्त इस्त्री करतात. घड्याळाला बरं करतात," असं ऐकवल्याशिवाय ते पावती फाडत नाहीत. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, म्हणते की लग्न ठरवताना मुलगा डॉक्टर असल्याचा समज याच वाक्याने झाला होता. ताईचं सगळंच खरं मानायचं नसतं.

भाऊजी जेवढे गप्प, तेवढी ताई बोलकी. तिचं वाक्य दारात सुरू व्हायचं आणि स्वयंपाकघरात संपायचं, मध्ये ऐकणारा बदलला तरी तिला फरक पडत नसे. घर दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीत उभी राहून ती खालच्या रस्त्याशी गप्पा मारायची. भाऊजी खाली दुकानात बसून हे सगळं ऐकायचे आणि एखाद्या वेळी नुसतं "हं" म्हणायचे, जे तिला वर ऐकू जाणं शक्यच नव्हतं. एकोणतीस वर्षांचा संसार असा चालला होता आणि त्यात बिघडलं काहीच नव्हतं.

बिघडलं ते एका आकड्यामुळे. आणि त्या आकड्यावर शिक्का मारला मी, कारण मी शाळेत गणित शिकवते.

झालं असं, की आमच्या शाळेतून निवृत्त झालेले संस्कृतचे म्हातारे मास्तर एक जुनं चावीचं घड्याळ घेऊन भाऊजींकडे गेले. मास्तर रिकाम्या वेळात तंत्र आणि योगाच्या पोथ्या वाचतात, आणि समोर जो सापडेल त्याला सांगतात. भाऊजी उठू शकत नाहीत हे त्यांनी बरोबर हेरलं.

"हे घड्याळ तासाला किती ठोके देतं हो?" मास्तरांनी सहज विचारलं.

"या जातीचं? सेकंदाला सहा. तासाला एकवीस हजार सहाशे."

मास्तर स्टुलावरून अर्धवट उठले म्हणे. "किती म्हणालात?"

मग तो सगळा खजिना उघडला. माणूस दिवसाच्या चोवीस तासांत एकवीस हजार सहाशे श्वास घेतो, असं शास्त्रात सांगितलंय. श्वास बाहेर जाताना ‘ह’ असा नाद होतो, आत येताना ‘स’ असा. म्हणजे जिवंत असलेला प्रत्येक जण दिवसभर ‘हंस हंस’ असा मंत्र जपत असतो. तोच उलटा ऐकला तर ‘सोऽहम्’, म्हणजे ‘तो मीच आहे’. कुणी शिकवलेला नाही, कुणी ठरवून म्हणत नाही. तान्हं मूल म्हणतं, चोर म्हणतो, झोपलेला माणूस म्हणतो. न जपता होणारा जप, म्हणून नाव अजपा. आणि आकाशाचं वर्तुळ तीनशे साठ अंशांचं, एकेका अंशाच्या साठ कला, एकूण कला किती? एकवीस हजार सहाशे. तुमचा एक श्वास झाला, की डोक्यावरचं आकाश एक कला पुढे सरकतं. जे ब्रह्मांडात तेच पिंडात. आणि जसा आपला श्वास, तसाच त्या परमपुरुषाचाही. त्याने श्वास सोडला की कोटी ब्रह्मांडं बाहेर पडतात, आत घेतला की सगळी परत आत.

भाऊजींनी डोळ्याचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. हे त्यांनी माझ्या माहितीत तीनदाच केलंय.

त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले, जिना चढून, हातात कागद. "मास्तरीणबाई, जरा तपासा. एकवीस हजार सहाशे भागिले चोवीस, भागिले साठ."

"पंधरा," मी म्हटलं. "मिनिटाला पंधरा. ठीक आहे की, माणूस साधारण तेवढेच श्वास घेतो."

"घड्याळ तासाला जेवढे ठोके देतं, तेवढे श्वास माणूस दिवसाला घेतो," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मला चेष्टा करवेना. चाळीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या मनगटावरची यंत्रं उघडून बसला होता. कुणीतरी येऊन त्याला सांगितलं होतं की तुझ्या टेबलावर जे चाललंय, तेच आकाशात चाललंय आणि तेच तुझ्या छातीत. माणूस हरखणारच.

तेव्हापासून ते रोज सकाळी आंघोळ करून पाच मिनिटं डोळे मिटून बसायला लागले. मास्तरांनी एक पद्धत सांगितली होती. कालच्या दिवसातले आपले सगळे श्वास वाटून देवांना अर्पण करायचे. सहाशे गणेशाला, सहा-सहा हजार ब्रह्मा, विष्णू आणि रुद्राला, हजार जीवात्म्याला, हजार परमात्म्याला, हजार गुरूला. बेरीज करून बघा, चोख येते. मी केली होती.

एवढ्यावर थांबले असते तर हे लिहायची वेळच आली नसती. पण भाऊजी घड्याळवाले. अमुक ठोके लिहिलेत म्हणून कुठलंही यंत्र अमुक ठोके देतं यावर त्यांचा विश्वास नाही. ते लावून बघतात. पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते, तेव्हा त्यांनी स्टॉपवॉच घेऊन स्वतःचे श्वास मोजले. भरले बारा. म्हणजे दिवसाला सतरा हजार दोनशे ऐंशी. "चार हजार तीनशे वीस कमी पडतात," ते गंभीरपणे म्हणाले. "मी रोज देवाला जे देतोय ते माझ्यापाशी नाहीच."

मी हसून घेतलं. मग त्यांनी माझे मोजले. सतरा. "तुम्ही रागीट आहात," हा निष्कर्ष.

दुपारी जेवण झाल्यावर ताई पलंगावर आडवी झाली होती. डोक्याखाली दोन उश्या. तिला कळू न देता ते खुर्चीत बसून चादरीचं वरखाली होणं बघत राहिले. एक मिनिट. मग परत एक मिनिट. मग तिसरं. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता.

"पंचवीस."

"बरं मग?"

"दिवसाला छत्तीस हजार. तपासा."

तपासलं. छत्तीस हजारच.

आता यातलं दुसरं पिल्लू सांगायला हवं. कुठल्याशा चोपड्यात भाऊजींनी वाचलं होतं की माणसाचं आयुष्य वर्षांत मोजलेलं नसतं, श्वासांत मोजलेलं असतं. जन्माला येतानाच प्रत्येकाला ठरावीक श्वास दिलेले असतात. ते संपले की संपलं. मास्तरांना विचारावं, तर ते दोन महिन्यांसाठी मुलीकडे परगावी गेलेले. त्यामुळे भाऊजींनी हिशोब स्वतःच पुढे नेला. छत्तीस हजार भागिले एकवीस हजार सहाशे.

"एक दिवस आणि सोळा तास," ते म्हणाले. "आपला एक दिवस जातो तेव्हा हिचा एक दिवस आणि सोळा तास जातात. बरोबर आहे का?"

भागाकार बरोबर होता. मी "बरोबर आहे, पण खुळचटपणा आहे," असं म्हटलं. त्यांनी वाक्याचा पहिला अर्धा भाग घेतला आणि उठले. चाळीस मुलांच्या वर्गात हेच होतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ताईचे श्वास वाचवायची मोहीम सुरू झाली. तिने जिना उतरायचा नाही. खालून काय लागेल ते भाऊजी आणणार. कपड्यांच्या बादल्या तेच उचलणार. खिडकीतल्या गप्पा बंद. मोठ्याने बोलणं बंद, शक्यतो बोलणंच बंद. रोज तीन वेळा मोजणी: सकाळी बसलेली असताना, दुपारी आडवी असताना, संध्याकाळी काम झाल्यावर. एका वहीत तारीख, वेळ, आकडा. गिऱ्हाइकाच्या घड्याळांसाठी असते तशीच ती वही, वरच्या रकान्यात ‘नग’ लिहिलेलं असतं तिथे त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं, एवढी त्यांची बायकोबद्दलची नाजूक भावना.

मला वाटलं, ताई आता त्यांची सालटी काढेल. मी तर मजा बघायला मुद्दाम गेले.

ताई खुर्चीत बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. भाऊजींनी पाण्याचा ग्लास तिच्या हाताशी ठेवला आणि खाली गेले.

"काय गं, हे काय ऐकतेय मी? तू गप्प बसणार?"

"श्वास वाचवतेय," ती हळूच म्हणाली आणि डोळे मिचकावले.

"अगं, पण तू त्यांचं ऐकलंस? एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा?"

ती हसली. एक टॉवेल उचलला, घडी घातली, थोडा वेळ तसाच मांडीवर धरून बसली, मग दुसरा उचलला. मी शाळेतल्या कटकटी सांगत राहिले आणि तिने ऐकून घेतल्या. एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. घरी जाताना मला बरं वाटलं होतं, हे मी लिहून ठेवते, कारण लपवण्यात अर्थ नाही. आयुष्यात पहिल्यांदा ताईसमोर माझं बोलणं पूर्ण झालं होतं, आणि मी त्यातच खूश होते.

असे सहा आठवडे गेले. या सहा आठवड्यांत माझं मनगटी घड्याळ पुढे धावायला लागलं. आधी दिवसाला दोन मिनिटं, मग दहा. मी तासाला लवकर जाऊन उभी राहायची आणि आधीच्या तासाचे सर माझ्याकडे खाऊ का गिळू असं बघायचे. शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेले.

"हे फार उत्साहात आहे," मी म्हटलं. "थोडं मागे ओढा."

भाऊजींनी मागचं झाकण उघडलं, भिंग लावलं, दिवा जवळ ओढला. "मागे ओढून काय होणार? काटा ओढून लोक स्वतःची फसवणूक करतात." मग जरा वेळाने, "हां. बघा. आतली हेअरस्प्रिंग आहे ना, केसासारखी, तिचे दोन वेढे एकमेकांना चिकटलेत. त्यामुळे तिला पूर्ण उघडता येत नाही. अर्ध्यातच परत फिरते, म्हणून धावते. लोकांना वाटतं घड्याळ जोरात आहे. जोरात नसतं हो. धावणारं घड्याळ आजारी असतं. त्याला पूर्ण..."

इथे ते थांबले. चिमटा हवेतच राहिला. खालची मान खालीच.

"भाऊजी?"

"पूर्ण उघडता येत नसतं," ते म्हणाले. आवाज भलताच बारीक. "मास्तरीणबाई, मी सहा आठवडे काटा ओढतोय."

मला क्षणभर काहीच कळलं नाही. मग सगळं एकदम कळलं. दोन उश्या. मांडीवर धरून ठेवलेला टॉवेल. माझं पूर्ण झालेलं बोलणं. ते ताडकन उठले आणि कमरेचं कापड सोडायचं विसरले. टेबलावरचं चार-पाच घड्याळांचं आतडं झोळीतून जमिनीवर सांडलं. चाळीस वर्षांत ज्या एका गोष्टीसाठी ते कापड बांधत आले, ती झाली, आणि त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही. दुकान उघडं टाकून ते जिन्याकडे धावले. शेजारच्या किल्लीवाल्याला "लक्ष ठेवा हो" असं ओरडून मी मागोमाग.

ताई पलंगावर बसली होती, पाय खाली सोडून, दोन्ही हात गुडघ्यांवर. आम्हा दोघांना असं आलेलं बघून ती उठायला लागली. भाऊजींनी तिला बसवलं आणि समोर जमिनीवर बसले.

"खरं सांग," ते म्हणाले. "तुला धाप लागते."

"जरा लागते."

"कधीपासून?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "माझ्याकडे नको बघूस. त्यांना सांग."

मग तिने सांगितलं. तुकड्यातुकड्यांत, मध्ये थांबून. आठ-नऊ महिने झाले. आधी जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसावं लागायचं. कुणी आलं तर ती चपलेतला खडा काढल्यासारखं करायची. मग एक उशी पुरेना. मग सलग बोलता येईना.

"अगं, मग सांगायचं नाही?" भाऊजींचा आवाज चढला.

"काय सांगायचं? आईला असंच झालं होतं. डॉक्टरांनी तेव्हा काय सांगितलं ते ऐकलंय मी. परत ऐकायचं नव्हतं." तिने श्वास घेतला. "आणि तुम्ही म्हणालात, बोलू नकोस, जिना उतरू नकोस, बसून राहा. मला इतकं बरं वाटलं. आता कुणी विचारणारच नव्हतं."

भाऊजींनी कपाळाला हात लावला. रागावून, रडून, दोन्ही. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. मला स्वतःचाच इतका संताप आला होता, की कुणी समोर असतं तर मी त्याच्यावर काढला असता. आईचं मलाही माहीत होतं. मी धाकटी असले तरी तिची मुलगीच होते.

त्याच दुपारी आम्ही तिला इस्पितळात नेलं. हृदयाच्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्याहून लहान होत्या, पण त्यांनी ताईची छाती तपासताना डोळे मिटले ते मला आवडलं. मग यंत्राच्या पडद्यावर हृदय बघितलं. म्हणाल्या, डाव्या बाजूची एक झडप अरुंद झालीय. लहानपणी सांधे दुखून ताप आला होता का? आला होता. त्याची ही खूण. झडपेच्या पाकळ्या कडेने एकमेकींना चिकटल्यात, पूर्ण उघडत नाहीत, रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं.

भाऊजींनी माझ्या रिकाम्या मनगटाकडे बघितलं. मीही.

"त्रास वाढतोय की तसाच आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. ताई नेहमीप्रमाणे म्हणाली, "तसं काही खास नाही."

भाऊजींनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली.

बाईंनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग मागे जाऊन पहिल्यापासून वाचायला लागल्या. बसून बावीस, आडवी पंचवीस. तीन आठवड्यांनी बसून चोवीस, आडवी सत्तावीस. गेल्या आठवड्यात आडवी तीस. सहा आठवडे, रोज तीनदा, एकही दिवस चुकलेला नाही.

"हे कुणी मोजलं?"

"मी," भाऊजी म्हणाले, पोलिसात कबुली द्यावी तसे. "माझं चुकलं. मी मोजत बसलो. आधीच आणायला हवं होतं."

"आधी आणायला हवं होतं, हे खरंच आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी ते गुळमुळीत केलं नाही. "पण पेशंट मला ‘काही खास नाही’ म्हणतायत आणि वही सांगतेय की दीड महिन्यात झपाट्याने वाढलंय. हे नसतं, तर मी गोळ्या देऊन महिन्याने बोलावलं असतं. आता तसं नाही करणार."

मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाचा छोटा फुगा झडपेत नेऊन फुगवायचा, चिकटलेल्या पाकळ्या सुटतात. छाती उघडायची गरज नाही. आईच्या वेळी हे नव्हतं का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "असेल तरी सगळीकडे नव्हतं." मात्र हृदयात रक्ताची गाठ नसायला हवी. असली तर हे करता येणार नाही, आणि पुढचं सगळं अवघड. तपासणी बुधवारी सकाळी होणार होती, आणि गाठ नसेल तर लगेच पुढचं काम.

बुधवारी सकाळी तिला आत नेलं. बाहेरच्या लांबलचक बाकावर मी आणि भाऊजी. त्यांच्या हातात स्टॉपवॉच, पण मोजायला समोर कुणी नव्हतं. ते नुसतंच बटण दाबायचे, बंद करायचे. दहा वाजता संस्कृतचे मास्तर आले, काठी टेकत. आदल्या दिवशीच परगावाहून परतले होते आणि किल्लीवाल्याने त्यांना सगळं ऐकवलं होतं.

ते शेजारी बसले, तशी भाऊजींनी शनिवारपासून साठवलेला प्रश्न बाहेर काढला. "मास्तर, खरं सांगा. तिचे श्वास संपत आले असतील का? नऊ महिने ती दीडपट, पावणेदोनपट घेतेय. माझ्या हिशोबाने..."

"कुठला हिशोब?" मास्तर चिडलेच. "अहो, मी तुम्हाला श्वासांचं रेशनकार्ड दिलं होतं का? तो आकडा आकाशाचा आहे. ज्यांनी सांगितला त्यांना एवढंच सांगायचं होतं की वरचं चाक आणि आतला श्वास एकाच मापाचे आहेत, माणसाने स्वतःला या पसाऱ्यात परकं समजू नये. कुणी ऋषी बायकोच्या उशाशी घड्याळ घेऊन बसला नव्हता!"

"मग रोज वाहायचे ते?"

"ते यासाठी, की दिवसभर तुमच्यात जे चाललं ते तुम्ही चालवलेलं नाही हे सकाळी एकदा लक्षात यावं. तो जप होतो. करावा लागत नाही. आणि तुम्ही नेमका तोच करायला बसलात." मग त्यांनी भाऊजींच्या हातावर हात ठेवला आणि आवाज उतरवला. "आत्तासुद्धा चालू आहे तिचा. भिंतीपलीकडे. तुम्ही मोजत नसतानाही."

भाऊजी हमसून रडायला लागले. मला वाटतं, मीही. मास्तर मध्ये बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होते आणि खिशात रुमाल शोधत होते, तो त्यांना सापडला नाही.

साडेअकराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. चेहऱ्यावरचा मास्क खाली होता आणि त्या हसत होत्या, हे मी आधी बघितलं, बाकी सगळं नंतर ऐकलं. गाठ नव्हती. फुगा गेला, झडप सुटली, अगदी हवी तशी सुटली. "संध्याकाळी बोलतील तुमच्याशी," त्या म्हणाल्या. "आत्ताच बोलतायत खरं तर. आमच्या नर्सला सांगत होत्या की तिच्या घड्याळाचा पट्टा सैल आहे."

भाऊजी जसे हसले, तसं त्यांना हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. बाकावरची परकी माणसं आमच्याकडे वळून बघायला लागली. मास्तरांनी डॉक्टरीणबाईंना नमस्कार केला, मग मला केला, मग समोरून जाणाऱ्या वॉर्डबॉयलाही केला.

संध्याकाळी आम्ही आत गेलो. ताई एका उशीवर आडवी होती. एकाच. भाऊजींना बघताच सुरू झाली: दुकान कोण बघतंय, जमिनीवर सांडलेले स्क्रू सापडले का, हा शर्ट कालचाच आहे, शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या सुनेचं काय झालं माहितीये का, आणि ही सून म्हणजे धाकटी नव्हे, थोरली. मधे कुठे थांबायची जागाच नव्हती. भाऊजी खुर्चीत बसून "हं" म्हणत राहिले. या वेळी तिला ते ऐकू येत होतं. मी काही सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं, आणि इतका आनंद मला स्वतःचं बोलणं पूर्ण झाल्यावर कधी झालेला नाही.

त्यानंतर भाऊजींनी सकाळचं बसणं सोडलेलं नाही. फक्त आकडे म्हणत नाहीत. "जेवढे झाले असतील तेवढे," असं म्हणून ते देवांना वाहून मोकळे होतात. वाटणी कशी होते, हे मी विचारलं. "त्यांचं ते बघून घेतील," म्हणाले. वही डॉक्टरीणबाईंनी मागून घेतली, शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला.

परवा वर्ष झाल्यावरची तपासणी होती. आम्ही तिघंही गेलो, जिने चढून, कारण लिफ्टसमोर रांग होती आणि ताईला रांगेत गप्प उभं राहवत नाही. नोंदणीच्या खिडकीशी बसलेली मुलगी फॉर्म भरून घेत होती.

"वय?"

"चोपन्न," ताई म्हणाली.

मुलीने लिहिलं. ताई तिथेच उभी. "चोपन्न," ती परत म्हणाली, जरा मोठ्याने, आणि माझ्याकडे वळली.

आमची आई त्रेपन्नाव्या वर्षी गेली. भाऊजींच्या वहीला मी किती नावं ठेवली, पण मीही मोजत होते. ताईला पन्नास लागलं तेव्हापासून, दर वर्षी, मनातल्या मनात वजाबाकी करत. तीन उरली, दोन उरली. तीही तेच करत होती. आम्ही दोघींनी एकमेकींसमोर हा आकडा कधी उच्चारला नव्हता.

"आईपेक्षा मोठी झाले गं मी," ताई म्हणाली.

मी तिचा हात धरला. मागे रांगेतले लोक चुळबुळायला लागले, भाऊजी पाठीमागून "काय झालं? काही राहिलं का लिहायचं?" असं विचारत होते, आणि आम्ही दोघी खिडकीसमोर उभ्या राहून रडत होतो आणि हसत होतो, आणि बाजूला व्हायला तयार नव्हतो.